पाऊण डॉलरचा ताळा

गणिताच्या तासाला उत्तर काढून झाले की आपण मुलांना सांगतो, "आता ताळा करून पाहा." बहुतेक मुले तो करीत नाहीत. उत्तर तर आलेच आहे, मग पुन्हा उलटा गुणाकार कशाला, असे त्यांना वाटते. मोठेपणीही आपली ही सवय टिकून राहते. महिनाअखेरीस शाळेच्या फीचा हिशेब करताना पावतीपुस्तक आणि जमा रक्कम यांत दोन-तीन रुपयांचा फरक आला, तर तो खिशातून घालून हिशेब जुळवणारे लिपिक आणि शिक्षक आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यात लबाडी नसते, उलट पदरमोडच असते. पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हा फरक आला कोठून?

आज बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि शाळाही आपल्या नोंदी संगणकावर ठेवतात. या नोंदी सुरक्षित कशा ठेवायच्या, हा प्रत्येक संस्थेपुढचा प्रश्न आहे. सुरक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुलपे येतात: सांकेतिक शब्द, पहारेकरी, कॅमेरे. कुलपे हवीतच. पण संगणकांच्या सुरक्षेचा इतिहास पाहिला, तर सर्वांत गाजलेला एक चोर सापडला तो ताळ्यामुळे. त्या ताळ्यात फरक होता ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा. ती हकीकत सांगण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

सांकेतिक शब्द का आला?

सुरुवातीचे संगणक एका वेळी एकाच माणसाचे काम करीत. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी पद्धत करून दाखवली. एकाच यंत्राचा वेळ तुकड्या-तुकड्यांनी अनेकांना वाटून द्यायचा. यंत्र इतक्या वेगाने एकाकडून दुसऱ्याकडे जाई, की प्रत्येकाला ते आपलेच वाटे. पण यंत्र सामायिक झाले की दोन प्रश्न उभे राहतात. माझी कागदपत्रे दुसऱ्याने उघडू नयेत, आणि माझ्या वाट्याचा वेळ दुसऱ्याने वापरू नये. यासाठी प्रत्येकाला एक सांकेतिक शब्द दिला गेला. म्हणजे गुपिताइतकीच हिशेबाची गरज त्याच्या मुळाशी होती.

पुढे काय झाले, हे शिक्षकांना सहज कळेल, कारण हुशार विद्यार्थी सर्वत्र सारखेच असतात. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. १९६२ मध्ये त्याने एका छिद्रित कार्डावर, सर्वांच्या सांकेतिक शब्दांची यादी छापून द्यावी, अशी विनंती यंत्राला केली. यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. शेरला दुसऱ्यांच्या वाट्याचे तास मिळाले. ही गोष्ट अनेक वर्षांनी त्याने स्वतःच कबूल केली. कुलूप आले आणि वर्षभरातच त्याच्या किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या तरी हाती लागला.

यातून धडा घेऊन सांकेतिक शब्द जसाच्या तसा न ठेवता त्याचे गुंतागुंतीचे रूपांतर साठवण्याची पद्धत आली. रूपांतर करणे सोपे, पण त्यावरून मूळ शब्द काढणे अतिशय कठीण. मग कुलूप पक्के झाले का? बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्सन यांनी १९७९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांनी निवडलेले ३,२८९ सांकेतिक शब्द त्यांनी तपासले. कोणी एकच अक्षर ठेवले होते, कोणी दोन-तीन, कोणी शब्दकोशातला सरळ शब्द. यांपैकी २,८३१ शब्द, म्हणजे ८६ टक्के, शोधून काढण्यासारखे निघाले. रूपांतराचे गणित उत्तम होते. शब्द निवडणारी माणसे मात्र तुमच्याआमच्यासारखीच होती.

७५ सेंट

आता १९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यात येऊ. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ काम करीत होता. केक दुर्बिणीच्या प्रकाशीय रचनेचे काम त्याच्याकडे होते. त्या कामाचे अनुदान संपले. नोकरीवरून काढण्याऐवजी त्याला त्याच इमारतीतील संगणक विभागात धाडले गेले. तेथे रुजू होताच एका सहकाऱ्याने त्याच्यापुढे एक किरकोळ काम ठेवले. त्या महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. तो का येतो, ते पाहायचे होते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. संगणक वापरल्याबद्दल प्रत्येक विभागाकडून पैसे घेतले जात, आणि हा वापर दोन प्रकारे मोजला जाई. एक मोजणी संगणकाच्या मूळ प्रणालीबरोबर आलेली होती. दुसरी प्रयोगशाळेने स्वतः लिहून घेतली होती. दोन स्वतंत्र मोजमापे असल्यामुळेच फरक दिसू शकला. एकच मोजणी असती, तर ती नेहमीच स्वतःशी जुळली असती.

स्टोलला प्रथम वाटले, अपूर्णांक कोठेतरी गाळले जात असतील. त्याने कार्यक्रम तपासले. ते बरोबर होते. मग त्याला 'हंटर' नावाचा एक वापरकर्ता सापडला. त्याने काही सेकंद संगणक वापरला होता, पण बिल पाठवायला त्याचा पत्ताच नव्हता. असा माणूस प्रयोगशाळेत कोणाच्याही ओळखीचा नव्हता. नाव काढून टाकले असते, तर हिशेब जुळला असता आणि प्रकरण मिटले असते. पण लवकरच दुसऱ्या एका ठिकाणाहून तक्रार आली, की तुमच्याकडून कोणीतरी आमच्या संगणकात शिरू पाहत आहे. पाऊण डॉलर आता क्षुल्लक राहिला नाही.

कोकिळेचे अंडे

घुसखोराची युक्ती आपल्या ओळखीची आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, आणि कावळा ते आपलेच समजून उबवतो. प्रयोगशाळेच्या संगणकात दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारा एक छोटा कार्यक्रम होता. त्याला सर्व अधिकार होते. पत्रे इकडून तिकडे हलवणाऱ्या दुसऱ्या एका कार्यक्रमात एक चूक होती: तो कोणतीही फाइल कोठेही नेऊन ठेवी, आणि ठेवणाऱ्याला तो हक्क आहे की नाही हे पाहत नसे. या चुकीचा फायदा घेऊन घुसखोराने मूळ कार्यक्रमाच्या जागी आपला ठेवला. पाच मिनिटांत संगणकाने ते अंडे उबवले आणि घुसखोर सर्वाधिकारी झाला.

आता प्रयोगशाळेपुढे खरा पेच होता. दार ताबडतोब बंद करावे, की पाळत ठेवावी? दार बंद केले तर हा चोर शेजारच्या घरात जाईल, आणि आपल्याला तो कोण हे कधीच कळणार नाही. उघडे ठेवले तर तो आपल्याच घरात नासधूस करील. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी असा निर्णय घ्यावा लागतो. येथे शून्य धोक्याचा पर्याय नसतो. कोणता धोका, किती काळ आणि कोणाच्या नजरेखाली पत्करायचा, एवढेच ठरवता येते. या प्रयोगशाळेत गुप्त स्वरूपाचे संशोधन होत नव्हते. म्हणून वरिष्ठांनी तीन आठवड्यांची मुदत देऊन पाळत ठेवण्यास मान्यता दिली. तीन आठवड्यांचे पुढे दहा महिने झाले.

स्टोलने सुट्टीच्या दोन दिवसांत सहकाऱ्यांच्या टेबलांवरून छपाईयंत्रे आणि टंकयंत्रे उचलून आणली आणि बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास तारांना जोडली. घुसखोराच्या संगणकात खूण राहणार नाही, पण कागदावर सर्व उमटेल, अशी ही व्यवस्था होती. एका यंत्रातून सुमारे ऐंशी फूट कागद बाहेर आला. चोराचे प्रत्येक अक्षर त्यावर होते.

त्या प्रयोगशाळेत लुईस अल्वारेझ हे नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी स्टोलला सुचवले, की याकडे एक संशोधन म्हणून पाहावे. स्टोलने तसेच केले. त्याने प्रयोगवही ठेवली आणि जे दिसले ते वेळेसह लिहिले. अंदाज आणि निरीक्षण तो वेगळे ठेवी. पुढे परदेशातील तपास यंत्रणांना पटवताना ही वहीच उपयोगी पडली.

अंतर मोजण्याचा प्रयोग

या वहीतील एक प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. संदेश पाठवल्यावर घुसखोराच्या संगणकाकडून पोच यायला काही सेकंद लागत. समजा, तीन सेकंद लागले. विजेचा संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो असे धरले, तर तीन सेकंदांत तो ९ लाख किलोमीटर जाईल. जाणे-येणे म्हणून निम्मे केले, तरी ४.५ लाख किलोमीटर उरतात. चंद्र सरासरी ३.८४ लाख किलोमीटरवर आहे. म्हणजे आपला चोर चंद्राच्याही पलीकडे!

चूक कोठे झाली? मुलांना हा प्रश्न विचारावा. खरा वेळ तारेत जात नाही, तो वाटेतील यंत्रांत जातो. प्रत्येक यंत्र संदेश थांबवते, तपासते आणि पुढे पाठवते. मग स्टोलने वेगळा मार्ग धरला. ज्यांचे अंतर ठाऊक आहे अशा निरनिराळ्या गावांच्या संगणकांकडून पोच यायला किती वेळ लागतो, ते मोजले आणि त्या आलेखावर घुसखोराचा वेळ ताडून पाहिला. उत्तर आले सुमारे ६,००० मैल. माणूस अमेरिकेत नव्हता. अंदाज ढोबळ होता, पण दिशा बरोबर निघाली. एकामागून एक तारा तपासत माग व्हर्जिनियातील एका कंपनीच्या संगणकापर्यंत आणि तेथून अटलांटिक ओलांडून पश्चिम जर्मनीत पोचला.

घुसखोर अचाट बुद्धीचा असेल, असे वाटण्याचा संभव आहे. तसे काही नव्हते. यंत्र विकताना कंपनीने घातलेले सांकेतिक शब्द ग्राहकांनी बदललेले नव्हते. पाहुण्यांसाठी ठेवलेली खाती उघडी होती. तो एक-एक दार ढकलून पाही आणि न उघडल्यास पुढे जाई. स्टोलने पुढे लिहिलेल्या निबंधानुसार त्याने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केला आणि ३० हून अधिक ठिकाणी तो आत शिरला. साधारण पंधरा दारांमागे एक उघडे! पंधरा घरांच्या आळीत एक जरी दार उघडे असले, तरी चिकाटीच्या चोराला तेवढे पुरते.

स्टोलने पोलिसी यंत्रणेला कळवले, तेव्हा पहिला प्रश्न आला: नुकसान किती? पाऊण डॉलर, हे उत्तर ऐकून कोणी उत्साह दाखवला नाही. नुकसानीची रक्कम हे धोक्याचे माप धरले की असे होते. रक्कम शेवटी कळते. धोका आधी ओळखावा लागतो.

जर्मनीतील टेलिफोन यंत्रणेत माग काढायला बराच वेळ लागे, आणि घुसखोर तितका वेळ थांबत नसे. मग स्टोलने आणि त्याच्या मैत्रिणीने एक आमिष ठरवले. क्षेपणास्त्रविरोधी प्रकल्पाच्या नावाने खोटीच कागदपत्रे भरपूर लिहून संगणकात ठेवली. १९८७ च्या जानेवारीत घुसखोर ती वाचत बसला आणि हॅनोव्हरमधील टेलिफोनपर्यंत माग पोचला. काही महिन्यांनी त्याच खोट्या कागदपत्रांची मागणी करणारे पत्र अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातून आले. म्हणजे चोरलेली माहिती कोणाला तरी पुरवली जात होती. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार ती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होते. १९९० मध्ये हेस आणि अन्य दोघांना दोषी ठरवून निलंबित शिक्षा झाल्या. स्टोलचे 'द कुकूज एग' हे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाप आणि लेक

याच सुमारास, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने आपोआप पसरणारा एक कार्यक्रम संगणकांच्या जाळ्यात सोडला. त्या वेळी जाळ्यात सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांतील ६,००० बाधित झाले, असा अंदाज तेव्हा केला गेला. इतर वाटांबरोबरच तो सांकेतिक शब्द ओळखूनही आत शिरे, आणि त्यासाठी त्याच्याजवळ अवघ्या ४३२ शब्दांची यादी होती. या विद्यार्थ्याचे नाव रॉबर्ट टॅपन मॉरिस. नऊ वर्षांपूर्वी ३,२८९ शब्द तपासून धोक्याची सूचना देणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांचा हा मुलगा. वडिलांनी लिहिलेले सर्वांना वाचायला मिळाले होते. संस्थांनी मात्र सवय बदलली नव्हती.

या घटनेनंतर त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात एक प्रतिसाद केंद्र सुरू झाले. ज्याला काही विपरीत दिसेल त्याने तेथे कळवावे, आणि तेथून सर्वांना सावध करावे, अशी योजना होती. स्टोलला ज्या गोष्टीसाठी दारोदार फिरावे लागले, तिला आता एक पत्ता मिळाला. भारतात अशा कामासाठी 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून आहे.

बंद पडलेले छपाईयंत्र

तीस वर्षांनी, २०१६ च्या फेब्रुवारीत, ढाक्यात काय झाले ते आता पाहू. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेत परदेशी व्यवहारांचा प्रत्येक संदेश एका छपाईयंत्रावर आपोआप कागदावर उतरत असे. शुक्रवारी, ५ फेब्रुवारीला, ते यंत्र बंद असल्याचे आढळले. यंत्र बिघडणे नेहमीचेच, असे समजून दुरुस्ती पुढे ढकलली गेली. शुक्रवार तेथे सुट्टीचा दिवस. प्रत्यक्षात आदल्या रात्री चोरांनी बँकेच्या नावाने न्यूयॉर्कला ३५ आदेश पाठवले होते. एकूण रक्कम ९५.१ कोटी डॉलर होती. छपाईचा कागद हा बँकेचा ताळा होता, आणि चोरांनी प्रथम तोच बंद पाडला होता.

पाच आदेश पार पडले. ८.१ कोटी डॉलर मनिला येथे गेले. २ कोटी डॉलर श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावे निघाले होते, पण आदेशात 'फाउंडेशन' हा शब्द 'फँडेशन' असा लिहिला गेला होता. वाटेतील एका बँकेत कोणीतरी तो वाचला आणि विचारणा केली. ती रक्कम थांबली. एका ठिकाणी बंद यंत्राकडे दुर्लक्ष झाले, दुसऱ्या ठिकाणी चुकीच्या अक्षराकडे लक्ष गेले. दोन्ही गोष्टी सारख्याच किरकोळ होत्या.

आपण काय घ्यावे?

कोणत्याही संस्थेला तीन प्रश्न विचारता येतात. महत्त्वाची गोष्ट दोन स्वतंत्र प्रकारे मोजली जाते का? फरक आला तर तो पाहण्याचे काम कोणाचे आहे? आणि फरक दाखवणाऱ्या माणसाचे पुढे काय होते?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नियमावलीत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर संस्थेच्या स्वभावात असते. स्टोल नवखा होता, त्याला वेळ होता, आणि त्याच्या वरिष्ठांनी त्याला 'पाऊण डॉलरसाठी डोके का खाता?' म्हणून उडवून लावले नाही. आपल्याकडे बहुधा उलट घडते. फरक ज्याच्या लक्षात येतो, त्याच्यावरच पहिला संशय येतो. मग माणूस शहाणा होतो आणि खिशातून दोन रुपये घालतो.

हे लिहिताना आम्हांला आमची एक गोष्ट आठवते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेतील निर्जल अल्कोहोलची नोंदवही आमच्याकडे होती. या द्रव्यावर उत्पादन शुल्क खात्याचे नियम असल्यामुळे मिलिलिटरपर्यंत हिशेब ठेवावा लागे. एकदा ५० मिलिलिटर कमी भरले. आम्ही दोनदा मोजले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समजुतीने सांगितले, "सांडले म्हणून लिहून टाका, कशाला विषय वाढवता?" आम्ही तसे लिहिले. नोंदवही जुळली.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. आठवडाभर वाचनालयाच्या पुस्तकांची मोजणी दोन गटांकडून, एकमेकांना न विचारता, करून घ्यावी. आकडे जुळले नाहीत की कोण चुकले हे विचारू नये; फरक कोठून आला हे दोन्ही गटांना मिळून शोधू द्यावे. कधी पुस्तक शिक्षकांच्याच टेबलावर सापडेल. फरक दाखवणाऱ्या मुलाला त्या दिवशी शाबासकी मिळाली, तर ताळा ही शिक्षा वाटणार नाही.

आमचे ते ५० मिलिलिटर बाटलीच्या सैल बुचातून उडून गेले, मोजपात्राची खूण चुकीची होती, की कोणी नेले, हे आम्हांला आजही माहीत नाही. वहीत मात्र 'सांडले' असेच आहे, आणि खाली आमची सही आहे.